पिंपातलं पाणी

आमच्या घरात देव्हाऱ्याखालच्या फळीवर पाच वर्षं एक बाटली उभी होती. रुंद तोंडाची, काचेची, आत पिवळं बेसन, तोंडाला दोरा गुंडाळून त्यावर लाखेचं सील. दिवाळीत घर झाडताना आई ती उचलून बाजूला ठेवायची, फळी पुसायची आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायची. आम्हा भावंडांना तिला हात लावायची मुभा नव्हती. सील तुटलं तर आप्पांना तुरुंगात नेतील, असं आम्हाला सांगून ठेवलं होतं. ते फारसं खोटंही नव्हतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. लालबागला एका गिरणीच्या फाटकासमोर त्यांची भजी-वड्यांची हातगाडी होती. सातारा जिल्ह्यातून ते गिरणीत बदली कामगार म्हणून आले. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कायमचा माणूस गैरहजर असला तर आत जायचं, नाहीतर परत फिरायचं. बारा वर्षं असं उभं राहून १९६१ साली त्यांनी त्याच फाटकाबाहेर गाडी लावली. सकाळी सातला पहिली पाळी भरायची, दुपारी साडेतीनला सुटायची, दुसरी रात्री बाराला. आप्पांचा घाणा भोंग्याच्या वेळेला बांधलेला होता. भोंगा वाजायच्या पाच मिनिटं आधी पहिली भजी कढईत पडायची, म्हणजे माणसं बाहेर येईपर्यंत झाऱ्यावर निथळत असायची. वडा पावात घालायची पद्धत १९६६च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केली असं सर्वसाधारणपणे मानतात. आमच्या गाडीवर पाव आला तो त्यानंतर तीनचार वर्षांनी. त्याआधी वडे पळसाच्या पानावर मिळायचे आणि माणसं ते उभ्याउभ्या खायची.

मी नंतर पस्तीस वर्षं अन्नाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं. दूध, हळद, मिरचीपूड, बेसन, बर्फ, सरबतं, सगळं हाताखालून गेलं. रस्त्यावरचं खाणं घाण असतं, हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं की त्याचा इतिहास एकदा नीट मांडावा असं मनात घर करून बसलं. तो इतिहास माझ्या समजुतीप्रमाणे भेसळीचा थोडा आणि पाण्याचा फार आहे.

सुरुवात करायची तर १८५४ पासून करावी लागते. त्या साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. त्याच साली मुंबईत पाण्याचा असा दुष्काळ पडला की शहरात होड्यांनी आणि रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि गुरं माहीमकडे हाकलावी लागली. शहराला गिरण्या हव्या होत्या, गिरण्यांना माणसं हवी होती आणि माणसांना प्यायला पाणी नव्हतं. हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरच्या आराखड्यावरून १८६० साली विहारचं पाणी नळाने शहरात आलं. मग १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा. विहिरी-तळ्यांवर जगणारं गाव नळावर जगू लागलं. पुढे हिवतापाचे डास विहिरींत वाढतात, असा डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ साली आला आणि विहिरी झाकायची, बुजवायची मोहीम निघाली. आरोग्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण विहीर वाटेवरच्या कुणालाही पाणी देत होती, आणि नळ इमारतीचा असतो. ज्याच्या डोक्यावर छप्पर त्याला जोडणी. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला सार्वजनिक नळाची रांग किंवा कुणाच्या तरी मोरीतली मेहेरबानी राहिली.

कायद्यानेही त्याला दोन तुकड्यांत पाहिलं. मुंबईचा १८८८चा महापालिका कायदा आजही चालू आहे. त्यात खाणावळ किंवा हॉटेल चालवायचं तर परवाना, तपासणी, मोरी, पाणी यांचा विचार आहे. खराब अन्न जप्त करून नष्ट करायचा अधिकार आहे. आणि रस्त्यावर माल मांडणारा माणूस त्यात मुख्यतः रहदारीचा अडथळा म्हणून येतो. त्यामुळे आप्पांच्या गाडीशी दोन वेगवेगळ्या खात्यांचा संबंध यायचा. एकाला गाडी रस्त्यात आहे का हे पाहायचं असे, दुसऱ्याला गाडीवर काय आहे हे. जप्तीच्या दिवशी कढई, परात, स्टो सगळं ट्रकवर चढायचं आणि तयार वडे फिनेल ओतून टाकून दिले जायचे. लहानपणी मला फिनेलच्या वासाने रडू यायचं, ते त्यामुळे. गाडी हलवा म्हणणारे पुष्कळ आले. पाणी कुठून आणता, असं आप्पांना पहिल्यांदा विचारणारी मीच, आणि तेही १९८० साली.

मग इतकी वर्षं माणसं जगली कशी? प्रयोगशाळेत गेल्यावर मी आमच्या गाडीकडे नव्याने पाहिलं, तेव्हा कळलं की गिरणगावातल्या या खाण्याच्या घडणीतच शहाणपण होतं. वडा कढईतून निघतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या अंगाला कुठलाही जंतू शिल्लक राहत नाही. पाव भट्टीतून आलेला, कोरडा. आणि चटणी लसूण, सुकं खोबरं, तिखट, मीठ यांची, कोरडी. तिच्यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून तिच्यात काही वाढत नाही. मिरची तळलेली. हे सगळं हातात घेतलं की ताटली नको, म्हणजे ताटली धुवायला पाणी नको. चौपाटीवरची भेळ पाहा. कुरमुरे आणि शेव कोरडी, आणि ओलं काय तर चिंचेचं आंबट पाणी, ज्यात बहुतेक जंतूंना वाढणं जमत नाही. मिसळीचा कट उकळता. ज्याला पाणी मिळत नव्हतं त्याने पाण्याशिवाय निभावणारे पदार्थ उभे केले. गरम, कोरडं, आंबट, खारट या चार भिंतींच्या आत तो सुरक्षित होता.

त्याच काळात गिरणगावात बायकांच्या खाणावळी होत्या. एकटे राहणारे कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि जवळच्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांचं अन्न घरात शिजायचं, मोरी घरात होती, भात चुलीवरून ताटात पडायचा. खाणावळवालीला पैशाची विवंचना होती, सावकाराची होती. पाणी मात्र तिच्या दारात, निदान तिच्या मजल्यावर होतं. आप्पांच्या गाडीपासून जवळचा नळ दीडशे पावलांवर होता.

भिंती ढासळल्या कुठे तेही सांगते. पहिला धोका बटाट्याचा. रात्री उकडून टोपात झाकून ठेवलेला बटाटा सकाळी नाकाला चांगला लागतो. पण त्यात उकळीने न मरणारे बीजाणू असतात, ते उबेत रात्रभर वाढतात, आणि काहींचं विष नंतर कितीही तळलं तरी जात नाही. सारण तर वड्याच्या पोटात असतं, तिथे कढईची आच पुरती पोचतही नाही. आप्पा पहाटे चारला उठून बटाटे उकडायचे. का, ते त्यांना सांगता येत नसे. रातचा बटाटा दगा देतो, एवढंच म्हणायचे. दुसरा धोका ओल्या चटणीचा. सत्तरच्या दशकात शेजारच्या गाडीने कोथिंबीर-पुदिन्याची हिरवी चटणी सुरू केली आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. आप्पांनीही वाटायला घेतली. कोथिंबीर कच्ची, पाणी पिंपातलं, आणि ती दुपारपर्यंत उन्हात. तिसरा धोका प्यायच्या पाण्याचा. तिखट खाल्ल्यावर माणूस पाणी मागतो. पितळी पेला पिंपात बुडवून द्यायचा, परत आला की बादलीत विसळायचा.

कायदा मात्र दुसरंच काही शोधत होता.

देशभरासाठीचा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला आणि १ जून १९५५ पासून लागू झाला. त्याची गरज खरीच होती. दुधात पाणी, तुपात वनस्पती तूप, हळदीत शिशाचं पिवळं रसायन, मिठाईत कापडाला लावायचा मेटॅनिल यलो. हे मी स्वतः परीक्षानळीत पाहिलं आहे, त्यामुळे त्या कायद्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण त्याची रीत अशी: निरीक्षकाने माल विकत घ्यायचा, त्याचे पैसे द्यायचे, पंचांसमोर तीन भाग करून सील करायचे, एक भाग विश्लेषकाकडे पाठवायचा आणि त्याचा अहवाल ठरवलेल्या प्रमाणाशी ताडून पाहायचा. बेसनाला प्रमाण होतं: हरभऱ्याच्या डाळीचंच पाहिजे, बाहेरचा रंग नको, राख इतक्यापेक्षा जास्त नको. बटाटेवड्याला प्रमाण नव्हतं. पिंपाला नव्हतं. विसळलेल्या पेल्याला नव्हतं.

१९७२चा दुष्काळ पडला आणि हरभरा महागला. त्या दिवसांत बेसनात लाखेच्या डाळीचं पीठ मिसळायचं प्रमाण वाढलं. लाख, लाखोळी ही विदर्भातल्या लोकांना चांगली ओळखीची डाळ. पाऊस नसला तरी येते, स्वस्त पडते, आणि महिनोन् महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. म्हणूनच तिच्या विक्रीवर १९६१ साली बंधनं आली होती. १९७३ सालच्या पावसाळ्यात एका दुपारी निरीक्षक दोन पंच घेऊन आप्पांच्या गाडीशी आले आणि डब्यातलं बेसन त्यांनी विकत घेतलं. आप्पांना वाटलं साहेबांना घरी भजी करायची असतील. मग बाटल्या निघाल्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन बाटल्यांपैकी एक विश्लेषकाकडे गेली, एक निरीक्षकांकडे राहिली, आणि एक ज्याचा माल त्याच्या हाती दिली गेली. पुढे १९७६च्या दुरुस्तीने ही पद्धत बदलली. आमची बाटली आधीची, म्हणून ती देव्हाऱ्याखाली आली.

अहवालात लाख निघाली. शिक्षा कमीत कमी सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड. कायद्यात सुटकेची एक वाट होती. परवानाधारक दुकानदाराकडून रीतसर पावतीने माल घेतला असेल, आणि तो होता तसाच वापरला असेल, तर जबाबदारी पुढे सरकते. आप्पा ज्या दुकानातून वर्षानुवर्षं पाच-पाच किलो बेसन आणत होते तिथे पावती मागायला गेले. सुट्या मालाची पावती देत नाही, असं उत्तर मिळालं. तो दुकानदार साक्षीला आला नाही, आणि दुकानातल्या पोत्यातला नमुना कुणी घेतला नाही. मी सतरा वर्षांची होते, अकरावी होऊन कॉलेजात गेलेली. आप्पांबरोबर प्रत्येक तारखेला कोर्टात बसायचे. रसायनशास्त्र घ्यायचं मी तिथल्या बाकावर ठरवलं, कारण अहवालातले शब्द वकिलांनाही समजत नव्हते.

१९७८ साली आप्पा सुटले. बाटल्या स्वच्छ आणि कोरड्या असल्याची नोंद कागदांत नव्हती, एवढ्यावर. घरी पेढे आले. रात्री सगळे झोपल्यावर मी आप्पांना विचारलं, आता फोडू का बाटली? ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “फोड. मलाही कळू दे.” दुसऱ्या दिवशी चमचाभर बेसन पुडीत बांधून मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालून पंधरा मिनिटं गरम पाण्यात धरलं. मेटॅनिल यलो असता तर गरम करायच्या आधीच झटकन गुलाबी झालं असतं. तसं झालं नाही. पण दहा मिनिटांनंतर हळूहळू फिकट गुलाबी रंग चढला. लाख होती. पाच वर्षं जुन्या पिठातसुद्धा होती.

मी ते आप्पांना सांगितलं. त्यांना सुटकेचा आनंद झाला होता, तो तिथेच संपला. “म्हणजे मी खायला घातली,” ते म्हणाले. किती लोकांना, किती दिवस, याचा हिशेब ते मनाशी करत राहिले. मी समजावलं की अधूनमधून खाल्लेल्या भजीने पाय जात नाहीत, महिनोन् महिने तेच जेवण असावं लागतं. ते खरंही आहे. त्या दिवसापासून आप्पांनी विकतचं बेसन आणलं नाही. हरभऱ्याची डाळ घ्यायचे, आई निवडायची आणि चक्कीवर समोर उभं राहून दळून आणायची.

१९७९ साली मी नोकरीला लागले. पहिल्याच वर्षी जंतुशास्त्र विभागातल्या मैत्रिणीकडे बसून पाण्याच्या परीक्षा शिकले. परीक्षा साधी आहे. जांभळ्या रंगाच्या द्रावणात पाणी घालायचं, आत एक उलटी चिमुकली नळी असते, आणि ३७ अंशांवर दोन दिवस ठेवायचं. जंतू असले तर आम्ल तयार होऊन जांभळ्याचा पिवळा होतो आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. पुढे ४४ अंशांवर ठेवून माणसाच्या-जनावराच्या आतड्यातले जंतू आहेत का, हे पक्कं करतात. १९८०च्या जुलैत मी आप्पांच्या गाडीवरून तीन बाटल्या भरून नेल्या: चाळीच्या नळाचं ताजं पाणी, पिंपातलं पाणी आणि पेले विसळायच्या बादलीतलं पाणी. साहेबांना सांगून नेल्या होत्या.

नळाच्या पाण्याच्या सगळ्या नळ्या जांभळ्या राहिल्या. पिंपाच्या पाचपैकी चार पिवळ्या झाल्या. बादलीच्या पाचही, आणि ४४ अंशांनंतर शंका घ्यायला जागा उरली नाही.

नळातून येणारं पाणी चांगलं होतं, क्लोरिन घातलेलं. ते पिंपात नासत होतं. सकाळी दोन तास पाणी सुटायचं, तेवढ्यात भरून ठेवायचं, क्लोरिन दुपारपर्यंत उडून जायचं, आणि प्रत्येक बुडवलेल्या पेल्याबरोबर कुणाचा ना कुणाचा हात आत जायचा. त्या पावसाळ्यात आमच्या चाळीत काविळीचे अकरा आजारी होते, माझा धाकटा भाऊ त्यात होता. ते आमच्या पिंपातून झालं, असं मी म्हणू शकत नाही. पाणी गेलं की नळाच्या फुटक्या जोडांतून गटार आत ओढलं जातं, आणि तेही कारण असू शकतं. पण आमच्या पिंपातून झालं नाही, असंही मी म्हणू शकत नाही.

नळ्यांचा लाकडी स्टँडच मी संध्याकाळी घरी आणला, कापडात गुंडाळून. कंदिलासमोर धरून आप्पांना दाखवला. जांभळं म्हणजे काय, पिवळं म्हणजे काय, बुडबुडा म्हणजे काय. त्यांनी एकेक नळी हातात घेऊन पाहिली. मी तयारी करून गेले होते. रोज पिंप घासा, पेला बुडवू नका, हात साबणाने धुवा. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, “पोरी, हे सगळं करतो. पण धुवायचं ते पाणी कुठनं आणू, ते तुझ्या नळीत दिसतं का?”

त्यांनी केलं मात्र. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून झाकणाच्या पिंपाला खाली तोटी बसवून घेतली. भाजीवाल्याच्या पोराला रोज चार आणे देऊन पाण्याच्या दोन खेपा वाढवल्या. पावसाळ्याचे चार महिने ओली चटणी बंद केली, गिऱ्हाइकं बोलली तरी. आणि रात्री घाणा संपल्यावर त्याच स्टोवर प्यायचं पाणी उकळायला लागले. सप्टेंबरात मी पुन्हा बाटली नेली. सगळ्या नळ्या जांभळ्या. तोटीतून धार सोडून पेला भरताना आप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, तपासलेलं आहे, मुलीने तपासलंय.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. भोंगे थांबले. आप्पांचा धंदा महिन्याभरात चौथाईवर आला, आणि त्याच फाटकासमोर तीन नव्या गाड्या लागल्या, कालपर्यंत वडा खाणाऱ्यांच्याच. लूमवर आयुष्य काढलेली माणसं ती. कढई कुठल्या आचेवर ठेवायची, हे ती आप्पांना विचारायला यायची आणि आप्पा सांगायचे. मुंबईत वडापावच्या गाड्या या वर्षांत पसरल्या, त्या अशा. तेल स्वस्तातलं आणि पुन्हापुन्हा तळलेलं, बटाटा रात्रीचा, कारण पहाटे वेगळं रॉकेल जाळायचं कुठून? आप्पांनीही पाणी उकळणं बंद केलं. मला सांगितलं नाही, पण स्टोच्या टाकीवरून मला कळलं. मी बाटली नेणं थांबवलं. पिवळं आलं असतं तर मी त्यांना काय सांगणार होते?

यानंतरचा इतिहास कागदावर पुष्कळ आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्यापुढे मुंबईच्या फेरीवाल्यांचा खटला निकाली निघाला आणि फेरीवाला क्षेत्रं ठरवा असं सांगितलं गेलं. १९७८ नंतर नवे परवाने निघणं जवळजवळ थांबलं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टाटा समाजविज्ञान संस्था आणि युवा ही स्वयंसेवी संस्था यांनी मोजणी केली, तेव्हा लाखाच्या वर फेरीवाले भरले. परवाने पंधरा हजारांच्या आसपास. बाकीच्यांना कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हतं, मग त्यांना नळ देणार कोण? आप्पा या मोजणीच्या आधीच, १९९४ साली गेले.

२००६च्या अन्न सुरक्षा कायद्याने, ५ ऑगस्ट २०११ पासून प्रत्यक्षात, जुना भेसळीचा कायदा मागे टाकला. त्यात मला जे आवडलं ते असं, की पहिल्यांदाच छोट्या विक्रेत्याला खाद्यव्यावसायिक म्हटलं गेलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर वर्षाला शंभर रुपये भरून नोंदणी व्हायची. स्वच्छतेचे नियम लिहिले गेले: गाडीचा कामाचा पृष्ठभाग जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटर उंच, घासायला सोपा, पाणी पिण्यायोग्य, कचरा झाकलेला. नंतर तळणाच्या तेलालाही मर्यादा आली. वारंवार तापवल्याने त्यात साठणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, हा नियम २०१८चा. छापील वर्तमानपत्रात खाणं बांधू नका, ही सूचना २०१६ अखेरची. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा, हा नियमही २०१८चाच. बर्फाचा तो नियम मला या सगळ्यांत उत्तम वाटतो. तो विक्रेत्यावर विसंबत नाही. कारखान्यातच रंग पडतो, आणि गोळ्याच्या गाडीवर निळी लादी दिसली की शाळेतलं पोरही ओळखतं. २०१४चा पथविक्रेता कायदाही आला, ज्यात सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती, विक्रीचं प्रमाणपत्र आहे. पाणी पिण्यायोग्य असावं, हे आता नियमात आहे. ते विक्रेत्यापर्यंत पोचवायचं कुणी, याचं उत्तर गाडीशी उभं राहिल्यावर अजून दिसत नाही.

मी निवृत्त झाल्याला बारा वर्षं झाली. काळाचौकीला राहते. जिथे आप्पांची गाडी होती तिथे आता गिरणीच्या जागेवर पंचेचाळीस मजली टॉवर आहे आणि त्याच्या कुंपणाला लागून एक वडापावची गाडी. मुलगा तिशीचा, नोंदणीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून काचेला चिकटवलेला, डोक्याला टोपी, पाव स्टीलच्या डब्यात. बटाटे कधी उकडतोस, मी विचारलं. “पहाटे, आजी. रातचे घेत नाय.” कुणी शिकवलं, तर म्हणाला वडिलांनी, ते गिरणीत होते. सुकी चटणी होती, हिरवीही होती. खाली निळं पिंप, झाकणाचं, त्याला तोटी नव्हती. पाणी कुठून आणतोस, मी विचारलं.

त्याने मान वळवून टॉवरच्या फाटकाकडे दाखवलं. वॉचमन पहाटे सहाच्या आत गाड्या धुवायच्या नळावर दोन पिंपं भरू देतो. महिन्याचे सहाशे. साहेब लोक उठायच्या आत.

दुसऱ्या दिवशी मी उकळून निववलेली काचेची बाटली आणि तोटीचा पत्ता घेऊन गेले. लालबागला अजून एक जण पिंपाला तोटी बसवून देतो, अडीचशे रुपयांत. बाटली त्याच्या पिंपातून भरताना त्याने विचारलं, “आजी, खराब निघालं तर?”

“तर तुला पहिल्यांदा सांगेन,” मी म्हटलं. “आणि मग आपण दोघं त्या फाटकाच्या आत जाऊन बोलू.”

नळ्या उद्या संध्याकाळी उघडायच्या आहेत.